ताम्हिणी घाट, ३० युनिटची बॅटरी आणि डॅशबोर्डवरचे ४८ किमी

डोंगरओळ
रविवार, रात्री १०:५०

काल दुपारी घाट चढून ताम्हिणी गावाशी आलो तेव्हा आमच्या इलेक्ट्रिक गाडीच्या डॅशबोर्डवर आकडा होता ४८ किमी, म्हणजे उरलेल्या बॅटरीवर गाडी आणखी तेवढीच जाणार. कोथरूड तिथून ६० किमी. शेजारी बायको, मागे आई आणि झोपलेली मुलगी, मोबाइलला नेटवर्क नाही. आम्ही व्यवस्थित घरी पोचलो, तेही १८ टक्के शिल्लक ठेवून. पण मधल्या त्या बारा किलोमीटरांनी माझा घसा कोरडा पाडला होता. ते बारा किलोमीटर आले कुठून आणि गेले कुठे, हे आज दिवसभर कागद-पेन्सिल घेऊन मांडत बसलो. इलेक्ट्रिक गाडी घेऊन कोकणात उतरायचं अनेकांच्या मनात असतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

गाडी नेक्सॉन ईव्ही, २०२० साली आली ती पहिली आवृत्ती. बॅटरी ३०.२ किलोवॅट-तास, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत ३० युनिट. कागदावरची रेंज ३१२ किमी. मला रोजच्या वापरात सव्वादोनशेच्या आसपास मिळते.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला १०० टक्क्यांवर निघालो. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी, मग खाली विळे, निजामपूर, माणगाव आणि म्हसळ्यावरून दिवेआगर. साधारण १६० किमी. ताम्हिणी गावात ७३ टक्के होते. घाट उतरून विळ्याला आलो तर ७६! मुलगी टाळ्या वाजवत होती. दिवेआगरला ३८ टक्क्यांवर पोचलो. १६० किमीत ६२ टक्के. मी मनात म्हटलं, येतानाही तेवढेच लागतील.

इथेच चुकलो. जाताना पुण्यापासून समुद्रापर्यंत साडेपाचशे मीटर खाली आलो होतो आणि ती उतराई गाडीला फुकट मिळाली होती. परतताना ती सगळी परत फेडायची होती.

रात्री सातला घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी १५ अँपिअरच्या पॉइंटला गाडी लावली. मे महिना, व्होल्टेज कमीच होतं. पावणेअकराला लाइट गेली, ती आम्ही सकाळी निघेपर्यंत आलीच नाही. बॅटरी ७१ टक्क्यांवर अडकली. ॲपमध्ये माणगावजवळ एक फास्ट चार्जर दिसत होता, त्याच्या भरवशावर निघालो. तिथे ४६ टक्क्यांवर पोचलो तर मशीनचा स्क्रीन काळा. दिलेल्या नंबरावर फोन केला, तक्रार नोंदवली, पण माणूस कधी येईल ते कुणालाच सांगता येईना.

तिथे सावलीत बसून पहिल्यांदा हिशेब मांडला. तो आधी घरी मांडायला हवा होता.

माणगाव ते कोथरूड १०० किमी, सपाटीच्या हिशेबानं १३ युनिट. त्यात घाट. गाडी १४०० किलोची, आम्ही चौघं आणि सामान धरून १७०० किलो. १७०० किलो वजन ६०० मीटर वर न्यायला १०० लाख ज्यूल लागतात, म्हणजे पावणेतीन युनिट. मोटर आणि इन्व्हर्टरमध्ये (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करणारा भाग) जे वाया जातं ते धरून सव्वातीन. एकूण सव्वासोळा युनिट, म्हणजे ५५ टक्के. आमच्याकडे ४६.

रस्त्याकडेला एक खानावळ होती. मासे तळण्याचा वास येत होता, जेवायचं होतंच. खानावळ चालवणाऱ्या मावशींना भीतभीतच विचारलं. त्यांच्याकडे जाड पिनांचा पॉइंट एकच, त्यावर मासळीचा डीप फ्रीझर. त्यांनी क्षणभर विचार केला आणि फ्रीझरची पिन उपटली. म्हणाल्या, "झाकण उघडलं नाही तर तीन तास मासळीला काही होत नाही. लावा तुमची गाडी." आम्ही जेवलो, आईनं आत बाजेवर पाठ टेकली, मुलीनं त्यांच्या नातीबरोबर कैऱ्या वेचल्या. तीन तासांत आठेक युनिट गेले असतील. पैसे घ्यायला मावशी तयार नव्हत्या, शेवटी आईनं नातीच्या हातात दोनशे रुपये ठेवले.

७२ टक्क्यांवर निघालो. विळ्यात ६३. तिथून वर वीस किमीत २० टक्के गेले. सपाटीवर तेवढ्याच अंतराला नऊ लागले असते. डॅशबोर्डवरचा आकडा मात्र वीस टक्क्यांच्या मानानं फारच खाली कोसळत होता. त्याचं कारण आता कळलं. तो आकडा पुढचा रस्ता बघत नाही. गेले काही किलोमीटर तुम्ही किती वीज खाल्ली त्यावरून तो पुढचं सांगतो. घाटात किलोमीटरला पाव युनिटहून जास्त जात होतं, आणि गाडीच्या लेखी घरापर्यंतचा सगळा रस्ता तसाच घाटाचा. म्हणून ४८.

एसी बंद केला, काचा उघडल्या, चाळीसच्या वेगानं चालवत राहिलो. मुळशी धरणाजवळ ३७ टक्क्यांवर तोच आकडा ६१ झाला होता आणि घर ४५ वर आलं होतं. तिथे गाडी बाजूला घेऊन पाणी प्यायलो.

यापुढे मी घाट किलोमीटरमध्ये मोजणार नाही, मीटरमध्ये मोजणार. आमच्यासारख्या गाडीला, माणसं बसलेली असताना, दर १०० मीटर चढाईला अर्धा युनिट. अंतराचा हिशेब वेगळा आणि उंचीचा वेगळा, मग बेरीज.

---

पौडफाटा
रविवार, रात्री ११:२०

आधी मावशींना नमस्कार. फ्रीझरची पिन उपटून अनोळखी माणसाची गाडी लावायची, ही गोष्ट कुठल्याही ॲपमध्ये सापडणार नाही.

एक प्रश्न. एसी बंद केल्यानं खरंच फरक पडतो का? माझ्या गाडीत १०० च्या वेगाला एसी चालू-बंद केला तरी रेंज फारशी हलत नाही.

---

डोंगरओळ
सोमवार, सकाळी ७:०५

@पौडफाटा, फरक वेगावर आहे. एसी साधारण एक किलोवॅट खातो, म्हणजे तासाला एक युनिट. १०० च्या वेगानं गेलात तर तो युनिट १०० किलोमीटरांवर वाटला जातो. घाटात ३० च्या वेगानं जाताना तोच युनिट ३० किलोमीटरांतच संपतो. हायवेला उलटं. तिथे एसीपेक्षा वेग जास्त खातो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. एक्सप्रेसवेला १०० चे ८० केलेत तर काचा बंद ठेवून, एसी लावून आरामात जाल.

आई बरोबर होती म्हणून खालून अर्धा घाट एसी चालूच ठेवला होता. वर हवा गार होती.

---

सह्यकडा
सोमवार, सकाळी ९:४०

लेख उत्तम, पण एक गोष्ट पटली नाही. घाट उतरताना फक्त ३ टक्के मिळाले आणि चढताना ११ टक्के जास्त लागले? चढताना जेवढं दिलं त्यातलं साठ-सत्तर टक्के उतरताना परत मिळतं असं सगळीकडे वाचतो. तुमचं रीजन, म्हणजे उतारावर मोटरनं वीज करून परत बॅटरीत भरणं, नीट चालत नसावं.

---

डोंगरओळ
सोमवार, दुपारी १:१५

@सह्यकडा, हा प्रश्न मलाही पडला होता. घाटाचा सरासरी उतार शेकडा ४ धरा. टायरचं घर्षण आणि थोडा हवेचा विरोध मिळून त्यातला शेकडा दीडच्या आसपास खातात. म्हणजे उताराचा तेवढा भाग गाडी नुसती पुढे ढकलण्यात जातो. बॅटरीकडे जायला उरतात शेकडा अडीच, आणि त्यातलाही पाव भाग मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांच्या फेऱ्यात उष्णता होऊन जातो. पावणेतीन युनिटांतले सव्वा-दीड युनिट परत येतात, म्हणजे ४-५ टक्के. त्यात मधली छोटी चढणं वजा करा. ३ टक्के ठीकच आहेत.

पण उतरतानाची वीस किमी आपण एकही युनिट न खर्चता गेलो, तीही कमाईच आहे. सपाटीवर तिथे ९ टक्के गेले असते. ते आणि हे ३ मिळवलेत की तुम्ही वाचलेला साठ-सत्तरचा आकडा जुळतो, आणि चढताना जास्त गेलेले ११ बॅटरीत परत आलेले का दिसत नाहीत तेही कळतं.

---

माणदेशी
सोमवार, दुपारी ३:३०

मनापासून विचारतो, वाद घालायला नाही. वयस्कर आई आणि लहान मुलगी बरोबर असताना हे सगळं करावंसं का वाटलं? माझी डिझेल गाडी आहे. कुंभार्ली, आंबा, वरंधा, कुठलाही घाट असो, टाकी भरली की मी घाटाचा विचारही करत नाही. घरच्यांना घेऊन जाताना मला तेवढी निश्चिंती हवी असते.

---

डोंगरओळ
सोमवार, संध्याकाळी ६:१०

@माणदेशी, प्रश्न रास्त आहे. हिशेब न मांडता निघालो ही माझी चूक होती, आणि आईला बरोबर घेऊन ती करायला नको होती.

पण निश्चिंती कुठून येते ते सांगतो. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. तुमच्या ४५ लिटरच्या टाकीत ४५० युनिट. त्यातली बरीचशी इंजिन उष्णता करून सोडून देतं, तरी टाकी एवढी मोठी की जाणवत नाही. घाटात डिझेलही जास्तच जळतं, फक्त काटा इतका हळू सरकतो की आपण बघत नाही. माझ्या ३० युनिटच्या बॅटरीत जेमतेम तीन लिटर डिझेलएवढी ऊर्जा आहे. तीन लिटरवर चार माणसांना घेऊन दिवेआगरला जाऊन पोचतो, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तीन लिटर घेऊन निघालोय हे लक्षात ठेवूनच निघायला हवं.

पुण्यातल्या रोजच्या ४० किमीसाठी मी ही गाडी सोडणार नाही. कोकणात वर्षातून तीन-चारदा जातो, त्यासाठी हिशेब शिकेन.

---

तारजोड
सोमवार, रात्री ९:४५

इलेक्ट्रिकलच्या कामात बावीस वर्षं आहे, म्हणून खानावळीतल्या त्या पॉइंटबद्दल लिहितो. मावशींचं मन मोठं आहे, पण पुढच्या वेळी पिन लावण्याआधी काही गोष्टी बघा.

गाडीबरोबर येणारा पोर्टेबल चार्जर तासन्‌तास पूर्ण भार ओढत राहतो. गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो, फ्रीझर थांबत थांबत चालतो. गाडी थांबत नाही. त्यामुळे जो पॉइंट वर्षानुवर्षं फ्रीझरवर ठीक चाललाय तो गाडीखाली वितळू शकतो. अर्ध्या तासानं पिन आणि बोर्ड हातानं चाचपा. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल, किंवा प्लॅस्टिकचा वास येत असेल, तर लगेच बंद.

एक्स्टेन्शन बोर्ड कधीही नको. घरगुती एक्स्टेन्शनची वायर बारीक असते, आणि ती गुंडाळलेली असली तर आतल्या आत तापते.

अर्थिंग. कोकणातल्या जुन्या घरांत तिसरं भोक असतं, पण मागे वायर जोडलेली नसते. अशा ठिकाणी चार्जरवर लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. बाजारात अर्थिंगचा दिवा फसवायच्या पिना मिळतात. त्या वापरू नका. पावसात गाडीच्या पत्र्याला हात लावणारा माणूस कुणीही असू शकतो. मुक्काम ठरवतानाच विचारा, "एसीचा वेगळा पॉइंट आहे का, अर्थिंग आहे का?" होय म्हणाले तर फोटो मागवा.

व्होल्टेज १९० च्या खाली असेल तर चार्जिंग रेंगाळतं, कधी कधी मधेच तुटतं. रात्री अकरानंतर गावातला भार उतरतो, तेव्हा बरं चालतं. तुमच्याकडे नेमकी तेव्हाच लाइट गेली.

---

मुळशीकरीण
मंगळवार, सकाळी ८:२०

मुळशी धरणाजवळ थांबून पाणी प्यायलात, म्हणून लिहावंसं वाटलं.

ज्या उतारावर तुमच्या गाडीला ३ टक्के मिळाले, त्याच उतारावर मुळशीचं पाणी जवळजवळ शंभर वर्षं वीज करतंय. धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पाचशे मीटर खाली, कोकणातल्या भिऱ्याला जातं. तिथलं वीजघर १९२७ साली सुरू झालं. पुढे तिथेच १५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्पही झाला. म्हणजे विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपानं परत वर चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडायचं. तुमच्या गाडीचाच खेळ, फक्त पाण्यानं केलेला. तिथेही वर चढवायला जेवढी लागते तेवढी खाली येताना मिळत नाही.

या धरणाखाली आमच्या आजोळची शेती गेली. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, बायका-पोरांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, तरी धरण झालंच. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरून रोज लाखो लोक जातात. त्यांपैकी थोड्यांना तरी ठाऊक असावं म्हणून लिहिलं. विजेच्या गाडीवर माझा राग नाही, मी स्वतः विजेची स्कूटर चालवते. फक्त ताम्हिणीवरून जाताना पाण्याकडे नुसता फोटो काढण्यापुरतं बघू नये असं वाटतं.

---

डोंगरओळ
मंगळवार, सकाळी ९:००

ताई, हे वाचून गप्प बसलो. वीस वर्षं त्या रस्त्यानं जातोय, सत्याग्रहाबद्दल शाळेत दोन ओळी वाचल्या होत्या, पण पाणी भिऱ्याला जातं हे ठाऊक नव्हतं. मुलीला वाचून दाखवलं.

---

निवृत्त_गार्ड_लोणावळा
मंगळवार, सकाळी ११:३५

रीजनची चर्चा वाचून राहवलं नाही. रेल्वेत चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीच बोरघाटात.

डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली तेव्हा घाट विजेवर आलेला होता. चढताना मागून बँकर इंजिन लावायचं, गाडी ढकलायला. हल्लीच्या थ्री-फेज इंजिनांत उतरताना मोटरच जनित्र होते आणि वीज वरच्या तारेत परत जाते. रेल्वेचा फायदा असा की तिला बॅटरी लागत नाही. एक गाडी उतरत असते तेव्हा दुसरी चढत असते, उतरणारीची वीज चढणारी वापरते.

बॅटरीच्या गाडीत घाट आणखी एका गोष्टीनं वेगळा आहे आणि ती कुणी लिहिलेली दिसली नाही. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवणार कुठे? मग रीजन बंद किंवा अगदी कमी होतं आणि सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो. माथ्यावर मुक्काम करून, रात्रभर पूर्ण चार्ज करून सकाळी थेट घाट उतरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. सवयीनं तुम्ही ॲक्सिलरेटर सोडाल आणि रोजच्यासारखी ओढ मिळणार नाही. आमच्याकडे घाट उतरण्यापूर्वी गाडी थांबवून ब्रेकची तपासणी होते, आणि ब्रेक सुटलेली गाडी वळवायला कॅच सायडिंग आहेत. मोटारीला कॅच सायडिंग नसते.

---

हडपसर_नवी_गाडी
मंगळवार, दुपारी ४:५०

काका, अगदी वेळेवर लिहिलंत. मी दोन महिन्यांपूर्वी टियागो ईव्ही घेतली, २४ युनिटची. महाबळेश्वरला जायचं आहे, मी आणि दोन मैत्रिणी. हॉटेलवाले म्हणतात १५ अँपिअरचा पॉइंट देऊ. जमेल का? मी आजवर घाटात गाडीच चालवलेली नाही, त्यामुळे जरा धास्ती आहे.

---

डोंगरओळ
मंगळवार, रात्री ९:१५

@हडपसर_नवी_गाडी, ताई, जमेल. तुमचा घाट जाताना आहे आणि परतताना उतार, म्हणजे माझ्या उलट. हे चांगलं आहे, कारण घरून शंभर टक्के भरून निघता येतं.

पुणे साधारण ५६० मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. चढाई ८०० मीटर. तुमची गाडी हलकी आहे. तिघी आणि सामान धरून १४०० किलो, म्हणजे दर १०० मीटरला अर्ध्याहून थोडा कमी युनिट. चढाईचे साडेतीन. अंतर १२० किमी, त्याचे १३. वर खंबाटकीचा अर्धा युनिट धरा, कारण जाताना घाट चढून उतरावा लागतो. येताना बोगदा आहे. एकूण १७. सातेक युनिट शिल्लक राहतील.

ठरवायची जागा म्हणजे वाई. सुरूर फाट्याला हायवे सोडलात की पुढे वाई, आणि वाई सुटली की लगेच पसरणी घाट. वाईत ४५ टक्क्यांच्या वर असाल तर निर्धास्त चढा. खाली असाल तर वाईत जेवा आणि तिथेच गाडी कुठेतरी लावा. अर्ध्या घाटात विचार करत बसण्यापेक्षा ते बरं. हायवेला ८० च्या वर जाऊ नका, सगळा खेळ तिथेच आहे.

आणि गार्डकाकांनी लिहिलंय ते पाळा. परतताना ८५-९० टक्क्यांवर पिन काढा. महाबळेश्वर ते पाचगणी रस्ता फारसा उतरत नाही, तिथे थोडी जागा आणखी होईल, मग पसरणी.

---

दिवेघाट
बुधवार, सकाळी ७:३०

सासवडहून रोज दिवे घाटातून हडपसरला येतो, विजेची स्कूटर. एक भर घालतो. उन्हाळ्यात दुपारी दोघं बसून घाट चढलं की मोटर तापून वेग आपोआप कमी होतो. बिघाड नाही, स्वतःला वाचवतेय ती. पाच मिनिटं झाडाखाली थांबलं की पूर्ववत. घाट चढल्या चढल्या लगेच चार्जिंगलाही लावत नाही, बॅटरी निवू देतो.

---

सह्यकडा
बुधवार, सकाळी १०:१०

आकडेमोड पटली, माझा मुद्दा मागे घेतो. पावसाळ्याचं मात्र कुणीतरी लिहायला हवं. ताम्हिणीत दरड येऊन रस्ता बंद झाला तर माणगावहून पुण्याला यायचा दुसरा मार्ग खोपोलीकडून बोरघाट किंवा महाडकडून वरंधा, आणि वरंधा पावसाळ्यात स्वतःच कधी चालू कधी बंद. दोन्हीकडे बराच वळसा आणि चढ तेवढाच. त्यामुळे जून ते सप्टेंबर मी तरी २० टक्क्यांच्या शिलकीवर समाधान मानणार नाही. सुट्टीच्या दिवशी धबधब्यांपाशी तासन्‌तास गाड्या अडकतात. त्यात नुसतं उभं राहायला इलेक्ट्रिक गाडीला फारसं काही लागत नाही, पण काचांवर वाफ धरते म्हणून एसी चालू ठेवावाच लागतो.

घाटात नेटवर्क नसतं हेही. ॲपवर चालणारा चार्जर नेटवर्कशिवाय सुरू होत नाही. ज्यांच्याकडे चार्जिंगचं कार्ड मिळतं त्यांनी ते पाकिटात ठेवा आणि ॲपमध्ये पैसे शहरातच भरा.

---

हडपसर_नवी_गाडी
तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८:४०

जाऊन आले! आकडे लिहिते, कुणाला उपयोगी पडतील.

हडपसरहून १०० टक्के. खंबाटकी चढून वर ७० च्या आत. वाईत ५५. पसरणी घाटात पहिल्या तीन वळणांना हात घामेजले होते, मग लक्षात आलं की गिअर नाही, क्लच नाही, चढावर थांबून परत निघताना गाडी मागे येत नाही. मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता, त्याला जाऊ दिलं. महाबळेश्वरला २८ टक्के.

हॉटेलचा पॉइंट तारजोड यांनी लिहिल्याप्रमाणे चाचपला. एक गरम व्हायला लागला, दुसऱ्या खोलीमागचा लावून दिला, तो ठीक होता. ८८ वर पिन काढली. वाईला ८३, घरी ४३. परतीत एसी पूर्ण वेळ चालू.

घाट उतरताना पायाचा ब्रेक मोजून सहा-सात वेळा लागला असेल. गार्डकाका, तुमची आठवण काढली.

---

निवृत्त_गार्ड_लोणावळा
रविवार, रात्री ९:३०

शाब्बास. वाचून बरं वाटलं.

---

डोंगरओळ
दिवाळीनंतर, सोमवार, सकाळी ८:००

धागा वर काढतो. गेल्या आठवड्यात परत दिवेआगरला गेलो. या वेळी निघायच्या आदल्या रात्रीच मुक्कामी ९६ टक्के झाले होते, तरी खानावळीत जेवायला थांबलोच.

आम्ही दिवाळीआधी फोन करून मावशींना विचारलं होतं की तुमच्याकडे गाडीसाठी वेगळा पॉइंट काढून दिला तर चालेल का. त्यांच्या मुलाला कल्पना आवडली. तारजोड यांनी सामानाची यादी दिली, मुलानं निजामपूरचा वायरमन आणला, खर्च अर्धा त्यांनी केला, अर्धा आम्ही. मीटरपासून थेट वेगळी लाइन, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), नवीन अर्थिंगचा खड्डा. फ्रीझर आता फ्रीझरच्या जागी.

बाहेर पत्र्यावर रंगवून लिहिलंय, "गाडी चार्जिंग होईल". आम्ही जेवत होतो तेव्हा हिरव्या नंबरपाटीची, म्हणजे विजेचीच, आणखी एक गाडी उभी होती, मुंबईची.

---

पौडफाटा
सोमवार, सकाळी ८:२५

वायर किती जाडीची टाकली? माझ्या सासुरवाडीला, पाटणला, असंच करून घ्यायचं आहे. मीटरपासून अंगण वीस मीटर.

---

तारजोड
सोमवार, सकाळी ८:५०

तांब्याची, चार स्क्वेअर एमएम. अंगणातून नेणार असाल तर पाइपमधून न्या आणि सॉकेटला पावसाचं झाकण बसवा.